जुन्या पाणीपुरवठा धरणाला ‘उच्च धोका वर्ग’ मिळाला आहे. याचा नेमका अर्थ काय, आणि आधी काय तपासावे?

पाणीयोजना_३

एका मातीच्या धरणाबद्दल विचारायचे आहे. वय साठी ओलांडलेले, पाणी फक्त पिण्यासाठी. पायापासून उंची १७ मीटर, माथ्याची लांबी ४१० मीटर, साठा २.४ दलघमी (दशलक्ष घनमीटर), पूर्ण संचय पातळीला पाणपसारा सुमारे ४० हेक्टर, पाणलोट १२ चौरस किलोमीटर. सांडवा दगडी, बिनदरवाजाचा, ४५ मीटर लांब. मूळ नकाशात धरणमाथा सांडव्याच्या माथ्यापेक्षा २.४ मीटर वर आहे, पण नव्या पातळीमोजणीत मधला भाग ४० सेंमीने खचलेला आढळला. शिवाय जास्तीचे पाणी साठावे म्हणून सांडव्यावर अर्धा मीटर उंच वाळूची पोती रचलेली आहेत.

विमोचक, म्हणजे पाणी बाहेर सोडायची वाट, हा ४५० मिमी व्यासाचा बिडाचा नळ आहे. तो भरावातून आरपार जातो. पाण्याकडच्या तोंडाला फक्त जाळी आहे, झडप कोरड्या बाजूच्या टोकाला. नळाच्या डाव्या अंगाला पायथ्याशी कायम ओल असते आणि तिथे गळती मोजायला व्ही-नॉच (व्ही आकाराची खाच असलेला पत्रा) बसवलेला आहे. कोरड्या उतारावर झाडे आहेत, काहींचे बुंधे ३० सेंमीहून जाड.

धरणाखाली २०० मीटरवर जलशुद्धीकरण केंद्र, १.२ किलोमीटरवर रस्त्याचा पूल, ३.५ किलोमीटरवर वस्ती. यातली नदीकाठची बरीच घरे गेल्या पंधरा वर्षांतली.

हातात दोन कागद आहेत. एकात ‘धोका वर्ग : उच्च’, दुसऱ्यात ‘स्थिती : समाधानकारक’. पहिला वाचून काही जण धरण फुटणार म्हणून घाबरले आहेत. दुसरा वाचून काही जण म्हणतात, काही करायची गरज नाही. दोन्हींचा मेळ कसा लावायचा? वर्ग कशावरून ठरतो, तो खाली आणता येतो का, आणि पैसे मोजकेच असतील तर पहिला हात कुठे घालायचा?

भराव_पाया

दोन्ही कागद बरोबर असू शकतात, कारण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. धोका वर्ग सांगतो की हे धरण फुटलेच तर खाली काय होईल. धरण किती मजबूत आहे याच्याशी त्याचा काही संबंध नाही. काल बांधून झालेले, अगदी निर्दोष धरणही गावाच्या डोक्यावर असेल तर उच्च वर्गातच जाईल. उलट, मोडकळीला आलेले धरण ओसाड माळावर असेल तर निम्न वर्गात राहील. धरणाच्या अंगात काय चालले आहे ते स्थितीच्या शेऱ्यात येते. त्यामुळे ‘उच्च’ या शब्दाने घाबरायचे कारण नाही, पण ‘समाधानकारक’ या शब्दावर निर्धास्त व्हायचेही नाही. उच्च वर्गाचा खरा परिणाम असा की त्या धरणाला चुकीची मुभा कमी मिळते: मोठा संकल्पित पूर (धरणाने सुरक्षित पेलायचा म्हणून धरलेला पूर), जास्त वेळा तपासणी, लेखी आपत्कालीन कृती आराखडा.

वर्ग पाडण्याच्या पद्धती देशागणिक वेगळ्या आहेत, पण गाभा एकच. अमेरिकेत निम्न, लक्षणीय आणि उच्च असे तीन वर्ग असून एका माणसाचाही जीव जाण्याची शक्यता असेल तर उच्च. ब्रिटनमध्ये ए ते डी. भारतात केंद्रीय जल आयोगाच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत चार वर्ग आहेत. त्यात संभाव्य जीवितहानी, मालमत्तेचे नुकसान, पर्यावरण आणि खुद्द धरणाचे भांडवली मूल्य अशा गोष्टींना गुण देऊन बेरीज काढतात.

यात आकारमानाच्या वर्गाची गल्लत नेहमी होते. भारतीय मानक ११२२३ (१९८५) धरणाचा आकार दोन मोजमापांवरून ठरवते. साठा ०.५ ते १० दलघमी किंवा पाण्याचा दाबशीर्ष (धरणाच्या वरच्या आणि खालच्या पाणीपातळीतला फरक) ७.५ ते १२ मीटर असेल तर लहान, १० ते ६० दलघमी किंवा १२ ते ३० मीटर असेल तर मध्यम, त्यावर मोठे. दोन्हींपैकी जे मोठे येईल ते धरायचे. तुमचा साठा ‘लहान’मध्ये बसतो, पण शीर्ष १२ मीटरच्या वर जाणार, म्हणून धरण मध्यम. मध्यम धरणाला प्रमाण प्रकल्प पूर (त्या भागातल्या अतितीव्र वादळी पावसाने येऊ शकणारा), लहानाला शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर, मोठ्याला महत्तम संभाव्य पूर (निसर्गात शक्य तेवढा मोठ्यात मोठा). पण त्याच मानकात म्हटले आहे की खालचा धोका विशेष जास्त असेल तर याहून मोठा पूर धरावा. ही ओळ बहुतेक फाइलींमध्ये कुणी वाचलेली नसते. तुमच्यासारख्या धरणाला ती नेमकी लागू पडते.

साठा लहान म्हणून परिणाम लहान, असे धरून चालू नका. अमेरिकेतल्या जॉर्जियात ६ नोव्हेंबर १९७७ रोजी केली बार्न्स हे जेमतेम १२ मीटर उंचीचे मातीचे धरण रात्री फुटले आणि ३९ माणसे गेली.

आणखी दोन गोष्टी वर्ग ठरवताना हमखास सुटतात. पहिली, खाली दुसरे धरण आहे का? १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि त्या लोंढ्याने खालचे जुने दगडी खडकवासलाही गेले. पुण्याचा पाणीपुरवठा त्याच जलाशयावर होता. साखळीतले वरचे धरण एकट्याने मोजायचे नसते. दुसरी, पाणीपुरवठ्याच्या धरणात साठा गेला की नळही कोरडे पडतात. पर्यायी स्रोत नसेल तर तो स्वतंत्र परिणाम म्हणून नोंदवायला हवा. तुमचे शुद्धीकरण केंद्र तर २०० मीटरवर आहे, म्हणजे ते पहिल्या काही मिनिटांतच जाईल, आणि तिथे रात्रपाळीला माणूस असतो.

१५ मीटरच्या वरचे धरण भारताच्या २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात थेट येते. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी, आपत्कालीन कृती आराखडा, ठरावीक काळाने स्वतंत्र तज्ज्ञ मंडळाकडून सर्वंकष मूल्यमापन, या सगळ्याची जबाबदारी धरणमालकाची. मालक म्हणून पाणीपुरवठा करणारी संस्था असेल तरीही.

पूररेषा

वर्ग कशावरून ठरला ते पाहायचे असेल तर अहवालातला धरणफुटीचा हिशेब काढा आणि हे आकडे ताडून पाहा. भगदाडासाठी फ्रोलिख यांची २००८ ची समीकरणे सर्रास वापरतात. २.४ दलघमी साठा आणि १७ मीटर खोल भगदाड धरले तर आतून पोखरून फुटल्यास सरासरी रुंदी ३३ मीटरच्या आसपास येते. माथ्यावरून पाणी वाहून फुटल्यास ४३ मीटर. पूर्ण भगदाड पडायला अर्धा तास. त्यांच्याच १९९५ च्या समीकरणाने शिखर विसर्ग सुमारे १,५५० घनमीटर प्रतिसेकंद. अहवालात ३०० किंवा ८,००० दिसले तर हिशेबात घातलेले आकडे तपासा. बहुतेक वेळा साठ्याचे एकक चुकलेले असते. ही समीकरणे सांख्यिकी आहेत, प्रत्यक्ष आकडा अर्धा किंवा दुप्पटही असू शकतो. म्हणून गणिताची एकच धाव न घेता भगदाडाची रुंदी आणि वेळ बदलून तीन-चार धावा घ्याव्यात.

दोन प्रसंग वेगळे चालवा: भर पुरात फुटणे आणि कोरड्या दिवशी फुटणे. पुरात फुटल्यास नदीकाठ आधीच बुडालेला असतो, त्यामुळे फुटीमुळे वाढलेला फरकच मोजायचा असतो. कोरड्या दिवशीची फूट पाण्याने लहान असली तरी जास्त जीवघेणी ठरू शकते, कारण कुणी सावध नसते.

माणसाला काय झेपेल ते खोली आणि वेग यांच्या गुणाकारावरून ठरते. ऑस्ट्रेलियाच्या पूर-निकषांत हा गुणाकार ०.६ चौरस मीटर प्रतिसेकंदाच्या वर गेला की धडधाकट माणसालाही उभे राहणे सुरक्षित मानत नाहीत. ४ च्या वर कुठल्याच साध्या इमारतीचा भरवसा धरत नाहीत. मीटरभर पाणी सेकंदाला ४ मीटरने येणे म्हणजे हीच सीमा, आणि धरणाखालच्या पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्ये ती सहज ओलांडली जाते.

तुमच्या वस्तीला ३.५ किलोमीटर अंतर आहे. लोंढ्याचा पुढचा काठ सेकंदाला २ ते ३ मीटरने सरकला तर २० ते ३० मिनिटांत तिथे पोचेल. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ रेक्लमेशनच्या १९९९ च्या पद्धतीत मध्यम तीव्रतेच्या लोंढ्यात इशारा नसेल तर सापडलेल्यांपैकी १५ टक्के दगावतात असे धरतात. तासाभराहून आधी स्पष्ट इशारा मिळाला आणि लोकांना धोका समजला असेल तर १ टक्का. भगदाड पडायला लागल्यावर फोनाफोनी सुरू केली तर तुमच्या हातात तो तास नाही. म्हणून इशारा गळतीच्या पहिल्या खुणेवर निघायला हवा.

नकाशातल्या दोन चुका जवळपास प्रत्येक अहवालात दिसतात. उपग्रहावरून घेतलेली ३० मीटर जाळीची फुकट उंचीमाहिती अरुंद नदीपात्राला पुरत नाही. तिच्यात पात्रच दिसत नाही, झाडांचे शेंडे जमीन म्हणून मोजले जातात आणि पूर भलतीकडे पसरतो. निदान धरणापासून वस्तीपर्यंत दर २०० मीटरला आडवे छेद प्रत्यक्ष मोजून घ्या. दुसरी चूक पुलाची. धरणफुटीत झाडे आणि राडारोडा येऊन पुलाची मोरी तुंबते आणि रस्त्याचा भरावच तात्पुरते धरण होतो. पूल मोकळा आणि पूल तुंबलेला, दोन्ही धावा हव्यात. हेक-रास हे पूरप्रवाहाच्या गणिताचे सॉफ्टवेअर मोफत आहे, द्विमितीय प्रतिमान त्यात होते. ‘पैसे नव्हते म्हणून केले नाही’ हे कारण इथे टिकत नाही.

वर्गाची तारीखही बघा. धरण बांधले तेव्हा खाली शेतीच होती आणि आता घरे आहेत. धरणाची एक वीटही न हलता त्याचा वर्ग चढतो. पाच वर्षांत एकदा ताज्या उपग्रहचित्रावर घरे मोजली तरी हे हाती लागते.

झडप_आणि_नळ

मोजक्या पैशांत पहिला हात कुठे, याचे माझे उत्तर ठाम आहे: नळ आणि त्याच्या डावीकडची ओल.

झडप कोरड्या टोकाला आहे याचा अर्थ जलाशयाचा पूर्ण दाब भरावाच्या पोटात, साठ वर्षे जुन्या बिडाच्या नळात, चोवीस तास आहे. एखादा सांधा सुटला किंवा नळाला भोक पडले तर पाणी दाबाने भरावात शिरते आणि नळाच्या बाहेरून माती धुऊन कोरड्या बाजूला आणते. जुन्या बांधकामात नळाखालची माती नीट ठोकलेली नसते. गोल नळाच्या खालच्या कुशीत दगडी रूळ किंवा ठोकणी पोचतच नाही. त्यातून नळालगत एक सैल पट्टा राहतो. पूर्वी उपाय म्हणून नळाभोवती काँक्रीटच्या गळपट्ट्या घालत. आता त्या घालत नाहीत, कारण पट्टीच्या आसपास मातीची ठोकणी आणखी बिघडते आणि पाणी पट्टीला वळसा घालून जातेच. आजची रीत म्हणजे कोरड्या बाजूला नळाभोवती वाळूचा गाळणपडदा: नळाच्या व्यासाच्या साधारण तिप्पट अंतरापर्यंत वर आणि दोन्ही बाजूंना, जाडी किमान ९० सेंमी, आणि त्यातले पाणी बाहेर काढून मोजता येईल असा निचरा.

वाळू कुठलीही चालत नाही. गाळणीच्या वाळूचा डी-१५ (वजनाने १५ टक्के कण ज्याहून बारीक असतात तो आकार; डी-८५ तसाच ८५ टक्क्यांचा) हा संरक्षित मातीच्या डी-८५ च्या चार ते पाचपटीपेक्षा मोठा नको, नाहीतर मातीचे कण आरपार निघून जातात. आणि तो मातीच्या डी-१५ च्या चार-पाचपटीपेक्षा लहानही नको, नाहीतर निचरा अडतो. गाळ-चिकणमाती जास्त असलेल्या भरावाला डी-१५ साधारण ०.७ मिमीच्या आत ठेवतात. बारीक गाळ ५ टक्क्यांच्या वर असेल तर वाळू परत करा. अशी वाळू आवळून बसते, तिच्यात तडा उघडा राहतो आणि गाळणीचा उपयोगच संपतो.

व्ही-नॉचचे आकडे आधी सांगा. नव्वद अंशाच्या नॉचला विसर्ग = १.३८ × शीर्षाचा अडीचवा घात, शीर्ष म्हणजे नॉचच्या तळटोकापासून पाण्याची उंची, मीटरमध्ये; विसर्ग घनमीटर प्रतिसेकंद. मोजपट्टी नॉचच्या धारेवर धरायची नाही. तिथे पाणी वाकलेले असते. कमाल शीर्षाच्या चौपट अंतर मागे धरायची. नॉचमागे गाळ साचला असेल तर आकडा खोटा येतो, तो आधी उपसा. तो उपसलेला गाळ टाकून मात्र देऊ नका, वजन करून नोंदवा. धरणाच्या पोटातून काय बाहेर येते आहे याचा तोच सर्वांत चांगला पुरावा आहे.

झाडांबद्दल एक गोष्ट. जाड बुंधे नुसते कापून मुळे आत ठेवली तर काही वर्षांत ती कुजतात आणि पाण्याला आयती वाट मिळते. पाणी खाली असताना, एका वेळी थोडी झाडे घ्या. मुळासकट खणा, खड्ड्याच्या भिंती उतरत्या करा, भरावाच्याच जातीची माती १५ सेंमीच्या थरांनी ठोकून भरा. पायथ्याजवळची झाडे काढताना ओल वाढली तर थांबा आणि तिथे आधी गाळणीचा थर द्या.

पाणीयोजना_३

उपयुक्त माहिती. नॉचचे आकडे: जलाशय पूर्ण पातळीला असताना दोन वर्षांपूर्वी शीर्ष ५.० सेंमी होते, या वर्षी त्याच पातळीला ६.२ सेंमी. दोन्ही वेळी आधी पाच दिवस पाऊस नव्हता. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसते. फरक सव्वा सेंमीच आहे म्हणून अहवालात ‘किरकोळ’ लिहिले आहे. आणि पोत्यांबद्दल कुणी बोलले नाही. ती या पावसाळ्यापुरती ठेवली तर चालतील का? उन्हाळ्यात त्या अर्ध्या मीटरवर दोन महिने निघतात.

झडप_आणि_नळ

किरकोळ नाही. ५.० सेंमीला ०.७७ लिटर प्रतिसेकंद, ६.२ सेंमीला १.३२. त्याच पातळीला, कोरड्या दिवसांत, गळती ७० टक्क्यांनी वाढली आहे. अडीचव्या घाताचा हा परिणाम डोळ्याला जाणवत नाही, म्हणून वहीत शीर्षाशेजारी नेहमी लिटर लिहावेत आणि आलेख जलाशयाच्या पातळीविरुद्ध काढावा, तारखेविरुद्ध नाही. पातळी तीच आणि गळती चढती, हे वाईट. कारण नसताना गळती अचानक घटली तर तेही वाईट: एकतर निचरा तुंबला किंवा पाण्याने दुसरी वाट शोधली.

स्वच्छ दिसण्यावर जाऊ नका. पारदर्शक बाटलीत एक लिटर नमुना घ्या, २४ तास हलवू नका, तळ पाहा, मग प्रयोगशाळेत निलंबित घन पदार्थ मोजून घ्या. तुमच्या विसर्गाला दिवसाचे सुमारे १.१४ लाख लिटर पाणी जाते. त्यात लिटरमागे फक्त ५० मिलिग्रॅम माती असली तरी दिवसाला ५.७ किलो, वर्षाला दोन टन. म्हणजे नळालगत वर्षाला घनमीटरहून मोठी पोकळी.

पुढची पावले या क्रमाने. नॉचची नोंद आठवड्याऐवजी रोज, पातळी पूर्ण असेल तर दिवसातून दोनदा. नळाच्या ओळीत माथ्यावर आणि पाण्याकडच्या उतारावर खड्डा किंवा खळगा दिसतो का ते चालत पाहणे. तिथला बशीएवढा खळगाही आत पोकळी असल्याची खूण असू शकते. मग नळाची आतून कॅमेऱ्याने पाहणी. त्यासाठी पाणबुड्याकडून वरचे तोंड तात्पुरते बंद करावे लागेल, तेव्हाच तिथे कायमची झडप किंवा दरवाजा बसवण्याची मोजमापे घेऊन टाका. सांधे खराब निघाले तर आत एचडीपीईचा (टिकाऊ प्लास्टिकचा) नळ सरकवून मधली पोकळी ग्राउटने (पातळ सिमेंट मिश्रणाने) भरतात. याने नळ वाचतो, पण नळाबाहेरची पोकळी बुजत नाही. म्हणून अस्तर केले तरी गाळणपडदा टळत नाही. आतला व्यास कमी होऊन विसर्ग घटतो, तो हिशेबही आधी करा.

तोवर पायथ्याशी वाळू, खडी आणि जाड दगड यांचा साठा करून ठेवा, रस्त्याने ट्रॅक्टर पोचेल अशा जागी. पाणी गढूळ झाले किंवा वाळू उसळायला लागली तर तोंड माती किंवा काँक्रीटने बुजवायचे नाही. दाब आत वाढून पाणी शेजारून फुटते. तिथे वाळूचा थर, त्यावर बारीक खडी, त्यावर दगड, असे उलटे गाळण टाकायचे: पाणी येऊ द्यायचे, माती थांबवायची. आणि त्याच क्षणी इशारा द्यायचा. अमेरिकेतल्या टेटन धरणात ५ जून १९७६ रोजी सकाळी गढूळ गळती दिसली आणि दुपारी बाराच्या सुमारास धरण गेले. लॉस एंजेलिसच्या बाल्डविन हिल्स या पाणीपुरवठ्याच्या जलाशयात १४ डिसेंबर १९६३ ला सव्वाअकराला बिघाड लक्षात आला, ३ वाजून ३८ मिनिटांनी बांध फुटला. मधल्या वेळात वस्ती हलवली म्हणून दाट शहरी भागात मृत्यू पाचवर थांबले.

जलशास्त्र_क

पोत्यांचे उत्तर: आजच काढा. हिशेब सोपा आहे, तो बैठकीत फळ्यावर करून दाखवा.

सांडव्याचा विसर्ग = १.७ × लांबी × शीर्षाचा दीडवा घात. मूळ नकाशाप्रमाणे पाणी धरणमाथ्याला टेकेपर्यंत २.४ मीटर शीर्ष मिळते: २८४ घनमीटर प्रतिसेकंद. माथा ४० सेंमी खचला म्हणजे शीर्ष २.० मीटर उरले: २१६. पोती अर्धा मीटर: शीर्ष १.५ मीटर, विसर्ग १४०. म्हणजे कुणी दगडाला हातही न लावता सांडवा निम्म्यावर आला. शिवाय हे आकडे पाणी माथ्याला टेकलेले धरून आहेत. लाटांसाठी मीटरभर तरी मोकळी उंची सोडायची असते, ती वजा केली तर काय उरते ते तुम्हीच काढा.

समोर किती पाणी येऊ शकते? १२ चौरस किलोमीटरवर तासाला १०० मिमी पाऊस आणि त्यातला ७० टक्के वाहून आला तर साध्या परिमेय सूत्राने २३३ घनमीटर प्रतिसेकंद. एवढ्या पाणलोटाला हे सूत्र थोडे ताणलेलेच आहे आणि जलाशयातल्या साठवणीने शिखर काहीसे उतरेल, त्यामुळे याला संकल्पित पूर म्हणू नका. पण खचलेला माथा आणि पोती असताना धरण काठावर उभे आहे एवढे यातून कळते. मातीच्या धरणावरून पाणी गेले की वाचवण्यासारखे फारसे काही उरत नाही. गुजरातेत ११ ऑगस्ट १९७९ ला मच्छू-२ असेच गेले: पूर सांडव्याच्या क्षमतेच्या दुपटीहून मोठा होता, आणि मोरबीत हजारो माणसे मेली.

पाऊस वाढला की पोती काढू, हा युक्तिवाद येईलच. इतक्या लहान पाणलोटात पूर दोन-तीन तासांत चढतो, बहुधा रात्री, आणि सांडव्यावरून वेगाने पाणी वाहत असताना कुणालाही तिथे पाठवता येत नाही. साठा वाढवायचाच असेल तर आधी सांडवा लांबवा किंवा चक्रव्यूही आकाराचा (नागमोडी काठाचा, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त लांब) करा, माथा पूर्ववत उचला, मग संकल्पकाराच्या सहीने पातळी ठरवा. माथा उचलताना नुसती माती टाकू नका. आतला हृदयभराव (पाणी अडवणारा गाभा) नव्या पातळीपर्यंत न्यायला हवा, नाहीतर वरचा थर चाळणीसारखा राहतो.

सांडव्याचा खालचा भागही पाहा. पुच्छ कालव्याच्या (सांडव्याचे पाणी खाली नेणाऱ्या वाटेच्या) फरशीत सांधे उघडे असतील आणि खाली निचरा नसेल तर एका पुरात फरशी उचकटून खालचा भराव उघडा पडतो. इंग्लंडमध्ये टॉडब्रूक या एकोणिसाव्या शतकातल्या धरणाच्या जादा सांडव्याच्या काँक्रीट फरश्या ऑगस्ट २०१९ मध्ये अशाच खचल्या. तो ए वर्गाचा जलाशय होता, तपासण्या नियमित होत होत्या, तरी सुमारे १,५०० लोकांना घरे सोडावी लागली. फरशीवर हातोडी आपटून पोकळ आवाज ऐकणे आणि सांध्यातले गवत उपटून खाली पाहणे, याला एक दिवस लागतो.

पाणीवाटप

एक शंका. सायरन, फोनची साखळी आणि सराव असेल तर लोक वेळेत निघतील. मग वर्ग ‘उच्च’वरून ‘लक्षणीय’ करून घेता येणार नाही का? संकल्पित पूर कमी धरता येईल, खर्चही वाचेल.

पूररेषा

नाही. वर्ग ठरवताना लोक हलवले जातील असे गृहीत धरत नाहीत. अमेरिकेच्या नियमावलीत तसे स्पष्टच लिहिले आहे. इशारा-यंत्रणा जीव वाचवते, म्हणून ती हवीच, पण ती बंद पडू शकते. वर्ग खरोखर खाली आणायचा तर खालची परिस्थिती बदलावी लागते किंवा साठा कायमचा कमी करावा लागतो. म्हणजे पूरक्षेत्रातली घरे हलवणे, किंवा सांडव्यात खाच पाडून पातळी उतरवणे. दुसऱ्या उपायानंतर धरणफुटीचा हिशेब पुन्हा करून लोंढा वस्तीला लागत नाही हे दाखवता आले तरच वर्ग बदलतो. निदान नवी घरे होऊ नयेत म्हणून पूररेषा बांधकाम परवानगी देणाऱ्यांच्या नकाशावर चढवून घ्या. हे काम कागदावरचेच आहे आणि ते कुणी करत नाही.

भराव_पाया

एक राहिले: पाणी किती लवकर उतरवता येते? ४५० मिमीचा नळ, १२ मीटर शीर्ष, घर्षण धरून साधारण १.३ घनमीटर प्रतिसेकंद. दिवसाला १.१२ लाख घनमीटर. ४० हेक्टर पसाऱ्यावर पातळी दिवसाला २८ सेंमी उतरते, तीही वरून आवक नसेल तर. पावसाळ्यात ओढा तेवढाच वाहत असेल तर पातळी हलणारच नाही. आणीबाणीत दोन-तीन मीटर उतरवायला आठवडा-दीड आठवडा म्हणजे उशीर. त्यामुळे पंप किंवा सायफन कुठून आणायचे, किती तासांत पोचतील, कुठे बसतील, सोडलेले पाणी पायथा न धुपवता कुठे जाईल, हे आराखड्यात आधीच लिहा. सायफनची उचल प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पुढे धरू नका, आणि तुमचा माथा खचल्यावर पूर्ण पातळीपेक्षा दोन मीटर वर आहे, म्हणजे पाणी चार-पाच मीटर उतरले की सायफन तुटू लागेल.

पाणी फार वेगाने उतरवणेही धोक्याचे असते. पाण्याकडच्या उतारातली चिकणमाती ओलीच राहते, समोरचा आधार जातो आणि उतार घसरतो. तुमचा नळ यापेक्षा वेगाने उतरवूच शकत नाही, पण पंप जोडल्यावर उतारावर खुंट्या ठोकून रोज दोनदा पातळी घ्या.

आणि या सगळ्यासाठी पाणीपुरवठा चालू ठेवण्याची वेगळी सोय आत्ताच ठरवा. किती पातळीखाली जाळी उघडी पडते, गढूळ पाणी आल्यावर शुद्धीकरण केंद्राला तुरटीची मात्रा किती वाढवावी लागेल, टँकर कुठून भरायचे. पर्यायी पाणी हाताशी नसले की पातळी उतरवायचा निर्णय कुणी वेळेवर घेत नाही. नॉचची नोंद रोज घेणाऱ्याला एक लेखी मर्यादा द्या: पूर्ण पातळीला ७ सेंमी, म्हणजे १.८ लिटर, ओलांडले किंवा बाटलीच्या तळाशी माती दिसली की कुणाला न विचारता झडप पूर्ण उघडायची आणि मगच फोन करायचा. झडप दर महिन्याला पूर्ण उघडून-बंद करून पाहिलेली असेल तरच हा आदेश कामाचा.